पुसला गेलेला एक

मित्रांनो, मी एक जुना काउंटर आहे. दुकानात पैसे घ्यायला असतो तो नव्हे हं! मला ना फळी, ना गल्ला. मी एका मशीनच्या पोटात राहतो, अगदी गाभ्यात, आणि मोजतो. माझी सगळी मालमत्ता म्हणजे एक आकडा. कोणी आलं की तो एकाने वाढतो. बस्स, एवढंच माझं आयुष्य.

ते मशीन ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये आहे. लांबट खोली, ओळीने मांडलेली टेबलं, प्रत्येक टेबलावर फोन घेणारी एक बाई, समोरच्या भिंतीवर पांढरा बोर्ड आणि मागे काचेच्या आडोशाला आम्ही. आता शेजारी नवं मशीन आलंय. मला मात्र कोणी काढलं नाही. "असू दे, वेळ पडली तर," असं म्हणून चालू ठेवलंय. पंखा घरघरतो, दिवा लुकलुकतो, पण घंटा काही वाजत नाही. रिकामपणी माणसाला नको नको ते आठवतं म्हणतात. माझंही तसंच झालंय. मला एक म्हातारा आठवतो. मी त्याला कधी पाहिलं नाही, आणि कित्येक दिवस तो कधी आलाच नव्हता असं मीच सगळ्यांना सांगत होतो.

तुम्ही म्हणाल, आकड्याला ऐकू कुठून येतं? अहो, त्या बायकांच्या कानावरच्या हेडफोनला माईक असायचा, ड्रायव्हरच्या गाडीत रेडिओ असायचा, आणि या सगळ्यांच्या वायरी आमच्याच पोटातून जायच्या. खोलीतलं हसणं, रडणं, उणीदुणी काढणं, सगळं आमच्या कानावरून जायचं.

ज्याने मला घडवलं तो मोठा काळजीचा माणूस होता. काम करताना चहा निवून जायचा त्याचा. त्याने माझं नाव ठेवलं 'आलेले'. बाहेरून फोन आला की मशीनमध्ये एक घंटा वाजते, तुम्हाला ऐकू येणार नाही अशी. त्या घंटेसरशी माझा आकडा एकाने वाढायचा. मग तो फोन एखाद्या टेबलावर जायचा, तिथली बाई हिरवं बटण दाबायची, आणि माझा धाकटा भाऊ वाढायचा. त्याचं नाव 'उचललेले'. पाळी संपली की त्या पाळीपुरते आम्हा दोघांचे आकडे शेजारी शेजारी मांडायचे. सारखे आले तर सगळे सुटकेचा निःश्वास सोडायचे. मी जास्त भरलो तर मात्र त्यांची धावपळ उडायची, कारण त्याचा अर्थ कोणीतरी हाक मारली आणि कोणी ओ दिली नाही. ती हाक हरवू नये म्हणून तर मला जन्माला घातलं होतं.

आता मी वाढतो कसा ते सांगतो. ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मला वाढवायला येणारा आधी माझा आकडा वाचतो आणि हातात घेतो. मग त्यात एक मिळवतो. मग तो परत माझ्यात ठेवतो. घेणं, मिळवणं, ठेवणं. डोळ्याचं पातं लवतं त्याच्या कितीतरी आत हे होऊन जातं. पण मशीनमध्ये घंटा ही गोष्ट फार हट्टी असते, मित्रांनो. ती वाजली की हातातलं काम तसंच टाकून आधी तिच्याकडे जायचं असा तिथला कायदा. माझ्या कारागिराला हे ठाऊक होतं. म्हणून मशीनचं साधं काम, म्हणजे आकडा तपासणं, मांडून ठेवणं वगैरे, मला हात लावत असेल तेव्हा त्याने दाराला कडी घालायची सोय केली होती. तेवढ्यापुरती घंटा बाहेर थांबायची. घंटेचं काम चालू असताना मात्र कडीची गरज नव्हती, कारण तेव्हा घंटा एकच होती. ती स्वतःलाच कशी मध्ये तोडणार?

चांगली वर्षं होती ती. पाहुणे आले की मोठे साहेब त्यांना काचेशी आणायचे आणि म्हणायचे, "आमच्याकडे एकही फोन वाया जात नाही." माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे बरं का! मला फार बरं वाटायचं. लपवत कशाला?

मग शहर वाढलं. नदीपलीकडे वस्ती झाली आणि तिच्यासाठी दुसरी लाईन आली. तिची घंटा पहिलीपेक्षा वरचढ. कारण त्या लांबच्या लाईनवरचा फोन फार वेळ ताटकळत ठेवता यायचा नाही, तुटायचा. ज्याने ती बसवली तो घाईत होता. त्याने जुनं काम पाहिलं, तसंच्या तसं उतरवून घेतलं, नव्या घंटेलाही माझाच पत्ता दिला आणि पाठ वळवली. आता दोन घंटा झाल्या, आणि त्यातली एक दुसरीच्या कामात खुशाल घुसू शकत होती. हे कोणाच्या ध्यानीमनीही आलं नाही.

पहिल्यांदा ते झालं तेव्हा मला काय वाटलं ते कसं सांगू? अंगावर कोणीतरी हात ठेवला. मी वाढलो, चांगला एकाने वाढलो. आणि लगेच मी पुन्हा तेवढाच! कोणी काढून घेतलं नाही, कोणी भांडलं नाही. फक्त तो हात ठेवलेला नव्हताच असं झालं. मी ओरडायला गेलो, पण मला आकड्याशिवाय दुसरी भाषा येत नाही, आणि आकडा तर व्यवस्थित दिसत होता.

तेव्हापासून अधूनमधून ते व्हायचं. मग पाळी संपताना धाकटा भाऊ माझ्यापेक्षा एकाने जास्त भरायचा. म्हणजे बघा, आलेल्या फोनपेक्षा उचललेले जास्त! बायका हसायच्या. "आज कोणाला आला गं भुताचा फोन?" असं एकमेकींना विचारायच्या. त्या खोलीतला तो नेहमीचा विनोद होऊन बसला.

शिफ्ट इन्चार्जला मात्र हसू यायचं नाही. त्या खोलीत एक जुनी खोड होती, ती त्याला माहीत होती. फोन नसताना एखादीने हिरवं बटण दाबलं तर तिचं टेबल 'कामात' दिसायचं आणि तिला घोटभर चहा निवांत प्यायला मिळायचा. त्याला त्या 'खोटं उचलणं' म्हणायच्या. मग आकडा जास्त भरला की इन्चार्ज सगळ्यांना फैलावर घ्यायचा. "भूतबीत काही नाही. तुमच्यातलीच कोणीतरी चहा पीत होती." माणूस वाईट नव्हता तो. पण त्याचा माझ्यावर फार विश्वास होता. तोच नडला.

खिडकीजवळच्या टेबलावर मावशी बसायच्या. सगळे त्यांना मावशीच म्हणत, इन्चार्जसुद्धा. आवाज असा, की घाबरलेल्या माणसाला आधी तो आवाजच औषध वाटावा. वर्षापूर्वी त्यांचे यजमान गेले. मावशी कामावर असतानाच घरी त्यांना दम लागला आणि त्यातच ते गेले. त्यांनी इथे फोनही केला नव्हता. 'तिला कामात कशाला त्रास' म्हणाले असतील. मावशी रजेवरून परत आल्या तेव्हा एकदोनदा घंटा नसतानाच बटण दाबून "हॅलो, बोला" म्हणाल्या होत्या. शेजारच्या टेबलावरच्यांनी ते पाहिलं होतं. कोणी काही बोललं नाही, पण विसरलंही कोणी नाही.

आणि मग ती दुपार आली.

कापडाच्या कारखान्याला आग लागली होती. नदीच्या दोन्ही बाजूंनी फोनवर फोन येत होते. मशीनमध्ये घंटेवर घंटा आदळत होती. मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्या गदारोळात पहिल्या घंटेने माझा आकडा हातात घेतला, एक मिळवला, आता ठेवणार, तेवढ्यात दुसरी घंटा घुसली. तिनेही आकडा घेतला, वाढवला, ठेवला आणि गेली. मी वाढलो होतो! मग पहिली आपल्या अर्धवट कामाकडे वळली आणि हातातला जुना आकडा तिने माझ्यावर ठेवून दिला. झालं. दुसरीबरोबर आलेला माणूस पुसला गेला.

त्याचा फोन मात्र मावशींच्या टेबलावर नीट पोचला.

"नमस्कार," म्हाताऱ्याचा आवाज होता, थांबत थांबत येणारा. "जरा दम लागतोय मला. तशी घाई नाही. पण जमलं तर कोणाला पाठवता का?"

"पाठवते की. आजोबा, पत्ता सांगा आधी."

"टाकीमागची गल्ली. बावीस नंबर. मी दार उघडं ठेवतो."

"घरात कोण आहे तुमच्याबरोबर?"

"तुम्ही आहात ना फोनवर," तो म्हणाला आणि फोन तुटला.

एक गाडी कारखान्याकडे निघाली होती, तिला मावशींनी टाकीकडे वळवलं. थोड्या वेळाने ड्रायव्हरचा रेडिओवर आवाज आला. "मावशी, बावीस नंबरला भलंमोठं कुलूप आहे. खिडक्यांवर बोटभर धूळ. शेजारचे म्हणतात मालक वर्षानुवर्षं परदेशात आहे, इथे कोणी राहत नाही. पुन्हा बघा ना पत्ता."

"तोच पत्ता. दार उघडं ठेवतो म्हणाले."

"इथे काही उघडं नाही हो. जाऊ का मी कारखान्याकडे? तिकडे माणसं भाजलीत."

मावशींनी त्याला जाऊ दिलं. काय करणार होत्या?

संध्याकाळी आमचे आकडे शेजारी मांडले. भाऊ एकाने जास्त. इन्चार्ज या खेपेला ओरडला नाही, तेच जास्त वाईट होतं. आगीच्या ऐन वेळी गाडी रिकाम्या घराकडे गेली होती आणि भाजलेल्या एका कामगाराला तिची वाट बघत बसावं लागलं होतं. वरून विचारणा झाली होती. आवाज टेप करणारं यंत्र नेमकं बिघडलेलं, कुठून फोन आला ते पडद्यावर दिसायची सोय तेव्हा नव्हती, आणि टेलिफोन कंपनीकडून उत्तर यायचं म्हणजे महिन्याची निश्चिंती. उरलो मी. आणि मी सांगत होतो की तसा फोन आलाच नाही.

"मावशी, खरं सांगा," इन्चार्ज खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसला. "तुम्ही खोटं उचलणाऱ्यातल्या नाही, मला माहीत आहे. पण कोण म्हातारा ॲम्ब्युलन्सला फोन करून घाई नाही म्हणतो? आवाज कसा होता त्याचा?"

मावशी म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्यासारखा."

सगळ्या खोलीने ते ऐकलं. मीही ऐकलं. तिथेच निकाल लागला म्हणा ना! त्यांना घरी बसवलं. डॉक्टरांकडून लिहून आणा, मग बघू, असं सांगितलं. त्यांची मुलगी न्यायला आली होती. तिने आईच्या हातातली पर्स घेतली आणि लहान मुलाशी बोलावं तसं बोलत तिला घेऊन गेली.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस मला अजून सोडत नाहीत. मला माहीत होतं तो माणूस आला होता. त्याचा स्पर्श माझ्या अंगावर होता. दर वेळी घंटा वाजली की वाटायचं, हा तोच असेल, पुन्हा फोन केला असेल. तो नसायचा. आणि रोज पाळी संपताना कोणी ना कोणी माझ्याकडे बघून म्हणायचं, "आकडा कधी खोटं बोलत नाही." असं वाटायचं की फुटून जावं.

वरच्या लोकांना प्रकरण मिटवायला एक कागद हवा होता. म्हणून ज्या कंपनीने मशीन बनवलं तिथून एक प्रोग्रॅमर बाई आली. माझा कारागीर केव्हाच निवृत्त झाला होता, ही त्याच्या जागेवरची. इन्चार्ज म्हणाला, "काही नाही मॅडम, मोजणी बरोबर आहे एवढं लिहून द्या. चहा घ्या आणि निघा."

"चहा घेते," ती म्हणाली. "लिहायचं ते मोजून बघितल्यावर."

तिने मशीनला खोटे फोन पाठवायला सुरुवात केली. आधी पहिल्या लाईनवर भरपूर. बरोबर. मग दुसऱ्या लाईनवर भरपूर. बरोबर! मी आतून तळमळत होतो. अगं बाई, अशी एकेक नको, दोन्ही एकदम! पण ऐकणार कोण? तिने पेन काढलं. माझ्या तर हातापायातलं बळच गेलं, म्हणजे हातपाय असते तर.

तेवढ्यात मावशी आल्या. खणातली शाल आणि कप न्यायला आल्या होत्या. मुलगी बरोबर होती. कोणाकडे न बघता त्या आपल्या टेबलाशी गेल्या. प्रोग्रॅमर उठून त्यांच्याजवळ गेली.

"मावशी, त्या दुपारी इथे काय चाललं होतं? फोनचं विचारत नाही मी. बाकी सगळं सांगा."

"जाऊ दे गं पोरी. मला भास झाला होता. डॉक्टरही तेच म्हणतात."

"भासाचं राहू दे. काय चाललं होतं?"

"काय चालणार? आग लागली होती. अलीकडून, पलीकडून, दोन्हीकडून फोन. एक ठेवला की दुसरा. कान किटले होते."

"दोन्हीकडून एकदम?"

"एकदमच की."

बाईने पेन टेबलावर ठेवलं आणि पुन्हा मशीनशी बसली. या वेळी दोन्ही लाईनवर एकाच वेळी खोट्या फोनचा मारा केला. मला पुन्हा पुन्हा तोच अनुभव आला. हात ठेवला, पुसला. हात ठेवला, पुसला. शेवटी तिने किती पाठवले ते बघितलं आणि मग मला बघितलं. मी कमी होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या कमीपणाचा आनंद झाला.

तिने जुना प्रोग्रॅम उघडून बराच वेळ वाचला. मग इन्चार्जला पांढऱ्या बोर्डापाशी बोलावलं आणि एका कोपऱ्यात सात लिहिलं.

"साहेब, तुम्ही पहिली घंटा. हा आकडा वाचा आणि मनात एक मिळवा. किती?"

"आठ."

"थांबा, लिहू नका. मी दुसरी घंटा, मला तुमच्यापेक्षा घाई आहे." तिने सात पुसलं, आठ लिहिलं आणि बाजूला झाली. "माझं झालं. आता तुम्ही तुमचं राहिलेलं काम करा. पुन्हा वाचायचं नाही, मनात आहे तेच लिहायचं."

इन्चार्जने आठ पुसलं आणि त्या जागी आठ लिहिलं. मग मार्कर हातात धरून तो त्या आठकडे बघत राहिला.

"आलो किती जण?" बाईने विचारलं.

"दोघं."

"आणि वाढला किती?"

त्याने मार्कर खाली ठेवला. तोंडात मारल्यासारखा उभा होता बिचारा. "म्हणजे भुताचे फोन..." तो म्हणाला.

"सगळे खरे होते. तुमचा काउंटर विसरत होता."

विसरत होता! मला राग आला. मी काही विसरलो नव्हतो, माझ्यावरून पुसलं जात होतं. पण जाऊ द्या. बायका टाळ्या पिटायला लागल्या होत्या. मावशींची मुलगी आईच्या गळ्यात पडली. "आई, तुला काही झालेलं नाही!" मावशी हसत होत्या, डोळे पुसत होत्या. इन्चार्ज त्यांच्यासमोर येऊन म्हणाला, "मावशी, चुकलो. मी तुमचं ऐकायला हवं होतं." दाराशी त्या दुपारचाच ड्रायव्हर उभा होता, तो म्हणाला, "आता मावशींकडून मिठाई!" सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता.

आणि मग मावशींचं हसू हळूहळू थांबलं.

"म्हणजे तो माणूस खरा होता," त्या म्हणाल्या.

टाळ्या वाजवणारे हात तसेच राहिले.

"अहो, मी वेडी होते तोवर बरं होतं," मावशी म्हणाल्या. "तोवर तिथे कोणी नव्हतं."

ड्रायव्हर किल्ली घेऊन बाहेर पडला. आठवडा उलटून गेला होता. तरी पळतच गेला तो.

मावशींनी आपल्या टेबलावरचा हेडफोन कानाला लावला, आणि आम्ही सगळे रेडिओकडे कान लावून बसलो. बऱ्याच वेळाने त्याचा आवाज आला.

"बावीस नंबरला मागच्या गल्लीतून दुसरं दार आहे. मागे एक खोली आहे. मालकाने घर सांभाळायला ठेवलेले गृहस्थ राहायचे. एकटेच. पुढच्या लोकांना पत्ताच नाही त्यांचा."

"आहेत का?" मावशींनी विचारलं.

"नाहीत, मावशी. गेले ते. मागे इस्त्री करणारी बाई आहे, ती सांगत होती. आगीनंतर दोन दिवसांनी कपडे द्यायला गेली तेव्हा दाराची कडी काढलेली होती. दाराजवळ खुर्ची ओढून बसले होते. अंगात धुतलेला सदरा, मांडीवर पिशवी. पिशवीत टॉवेल, चष्मा, गोळ्या. ती म्हणते, आम्हाला वाटलं कुठे गावाला निघाले असतील."

मावशींनी कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. रडल्या नाहीत. मुलीने पाठीवर हात ठेवला तर तो घट्ट धरून बसल्या. इन्चार्ज बोर्डाकडे तोंड करून उभा होता. मला, मित्रांनो, त्या क्षणी शून्य व्हावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाईने मला दुरुस्त केलं. इन्चार्जचं म्हणणं होतं की घंटेच्या कामालाही कड्या घाला. मला कोणी हात लावतंय तेवढा वेळ सगळ्या घंटा बाहेर. ती म्हणाली, "चालेल, पण त्या वेळात आलेला माणूस दाराबाहेर उभा राहणार. क्षणभर का होईना, मला नको ते." मग तिने घेणं, मिळवणं आणि ठेवणं या तिन्हींची एकच आज्ञा केली. एका दमात होणारी. मध्ये शिरायला फटच नाही, मग घंटा कितीही वरचढ असो. गंमत अशी, की ही आज्ञा आमच्या मशीनला पहिल्यापासून येत होती. ती द्यावी असं कोणाला सुचलं नव्हतं. बाईने पुन्हा दोन्ही लाईनवर मारा केला, दिवसभर केला. आला तो प्रत्येक जण माझ्यात राहिला.

ती सामान आवरत होती तेव्हा मावशी काचेच्या आत आल्या. त्यांना परत कामावर घेतलं होतं.

"आता नीट मोजतो ना हा?"

"अगदी नीट, मावशी."

"मग त्यांचा एक वाढव."

बाई थांबली. इन्चार्ज म्हणाला, "मावशी, असा हाताने आकडा वाढवत नाहीत. नियमात बसत नाही. आणि हे नुसतं मोजमाप आहे हो. उद्या मशीन बंद केलं तर सगळंच शून्य."

"होऊ दे उद्या शून्य," मावशी म्हणाल्या. "आज हा म्हणतोय की ते आलेच नाहीत. त्यांनी सदरा घातला, पिशवी भरली, दार उघडं ठेवलं, माझ्याशी बोलले. आणि हा म्हणतो आले नाहीत!"

इन्चार्जने बाईकडे बघितलं आणि मान हलवली. बाईने काहीतरी टाइप करून त्या दुपारचा हिशेब पडद्यावर आणला आणि कीबोर्ड मावशींकडे सरकवला. मावशींनी बोट टेकवलं, जरा थांबल्या, आणि कळ दाबली.

मी एकाने वाढलो. कुठलीही घंटा वाजली नाही, कुठलाही फोन आला नाही. बाईच्या पडद्यावर त्या दुपारपुरते मी आणि माझा भाऊ सारखे दिसत होतो. आम्ही जुळलो होतो, आणि त्याने त्या म्हाताऱ्याचं काहीही भलं झालं नव्हतं. माझ्या आकड्यात इतके आहेत, कितीतरी वाचले, बरे होऊन घरी गेले. पण एवढा एकच मला ओळखता येतो, कारण तो उशिरा आला.

पुढे मावशी निवृत्त होईपर्यंत त्या खोलीत एक नवी रीत पडली. गाडी पोचली आणि दाराला कुलूप दिसलं की त्या ड्रायव्हरला परत फिरू देत नसत. "घराला वळसा घाला, मग बोला माझ्याशी," म्हणायच्या. ड्रायव्हर कुरकुरायचे, पण वळसा घालायचे. दोनदा खरंच मागे माणूस सापडला. आता नवं मशीन आहे, नव्या मुली आहेत. वळशाचं त्यांना कोणी सांगितलंय की नाही, मला माहीत नाही. मला विचारायला येत नाही.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी उद्या माझ्यासारखे काउंटर घडवेल. घडवाल तेव्हा एवढं बघा, की एकाचं काम चालू असताना दुसरा आला तर पहिल्याच्या हातून त्याचा जीव पुसला जाऊ नये. आणि जे घडवणार नाहीत, नुसते आमच्याकडे बघून निर्णय घेतील, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. एखादं माणूस म्हणालं, "मी ऐकलं, कोणीतरी हाक मारली," आणि माझ्यासारखा कोणी म्हणाला, "छे, कोणी आलंच नाही," तर आधी त्या माणसाबरोबर जा. लगेच जा. मला तपासायचं ते परत आल्यावर तपासा. मी कुठे जात नाही.